जावयाच्या डोक्यातल्या लहरी

आमच्या जावयांशी बोलायचं असेल तर आधी "चुका थुंका" म्हणावं लागतं. चुका म्हणजे ते बारके, रुंद डोक्याचे खिळे, ज्यांनी खुर्चीच्या लाकडावर कापड ठोकतात. जावई सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देतात. कामाला बसले की मूठभर चुका तोंडात टाकतात आणि जिभेने वळवत वळवत एकेक ओठांवर आणतात. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक आहे, ते ओठांपाशी नेलं की चूक चिकटते आणि चिकटली की ठोकली. दोन्ही हात कापड ताणण्यात अडकलेले, म्हणून तोंडाची डबी केलेली. माझी लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती रडवेली होऊनच. म्हणाली, "आई, ते खिळे खातात."

बाजारात त्यांना स्प्रिंगमास्तर म्हणतात. कुणी जुना सोफा घेऊन आलं की हे त्यावर बसायचे नाहीत. तळहाताने ठिकठिकाणी दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग गिऱ्हाइकाला सांगायचे, "डावीकडे बसणारं माणूस वजनदार आहे, आणि तुमचा टीव्ही उजव्या भिंतीला आहे." गिऱ्हाईक आ वासून बघायचं. वजनदार माणूस सोबत आलेलं असलं तर मात्र थोडी पंचाईत व्हायची.

मी त्यांच्याकडे राहायला आले ती माझ्या मनाविरुद्ध. आमचे हे गेल्यावर लेक सारखी बोलवायची आणि मी सारखी टाळायची. जावयाच्या घरी ठाण मांडून बसलेली सासू व्हायची मला हौस नव्हती. एक दिवस जावई टेम्पो घेऊन आले, मला काही न विचारता माझा पलंग उचलून टेम्पोत चढवला आणि म्हणाले, "आई, पलंग तर निघाला. तुम्ही त्याच्याबरोबर यायचं की जमिनीवर झोपायचं, ते ठरवा." मी आले. आल्यावर बघते तर त्यांनी माझ्या पलंगाची गादी उसवून ठेवलेली. म्हणाले, "यात कापूस कमी आणि गाठी जास्त आहेत, एवढी वर्षं झोपलात तरी कशा?"

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. दुकान दोघा भावांचं. थोरले गिऱ्हाईक बघतात, कापड आणतात, बोलतात. धाकटे, म्हणजे आमचे, हातांनी काम करतात. मी घरात बसून कंटाळायला लागले तसं जावयांनी मला एक स्टूल दिलं आणि जुना कापूस पिंजून मोकळा करायला बसवलं. हातोडीची टकटक ऐकत माझे दिवस छान चालले होते.

ते दुखणं कधी आलं ते मला सांगता येणार नाही. ताप असता तर अंग गरम लागलं असतं. मला आधी जाणवलं ते कानाला. टकटक थांबत थांबत यायला लागली. दोन ठोक्यांच्या मधे एखाद्याने घोटभर चहा प्यावा एवढी फट, मग कप संपावा एवढी, आणि मग ठोका यायचाच नाही. दाताच्या डॉक्टरांचा एक तीन माणसांचा सोफा आलेला होता. त्याचं कापड फाडून, काथ्या काढून, स्प्रिंगा उघड्या करून ठेवल्या आणि तो तसाच राहिला. जावई तोंडात चुका भरून त्याच्यापुढे बसायचे. हातोडी मांडीवर. लेक कामावरून आली की म्हणायची, "अहो, चुका थुंका आता," आणि ते तळहातावर थुंकायचे. भरल्या होत्या तेवढ्या सगळ्या, ओल्या. एकही ठोकलेली नसायची.

जेवण नको झालं, झोप उडाली. कुणाशी भांडण नाही, कुणावर राग नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जड वाटतं." थोरल्यांना ते समजत नव्हतं. त्यांच्या अंगावर गिऱ्हाइकांना थापा मारायचं काम आलं होतं, आणि थापा मारून मारून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. ते म्हणायचे, "लहरी आहे तो. लहानपणापासून लहरी. लहर आली तर चार माणसांचं काम एकटा ओढेल, आणि लहर फिरली की बसला भिंतीकडे तोंड करून." हे ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते, पूर्वी आम्ही हसायचोही. आता पडद्यामागून ऐकू आलं की जावई डोळे मिटून घ्यायचे.

लेक त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मनाच्या दुखण्यांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, सडपातळ, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हे नैराश्य आहे, याला औषध आहे, असं सांगितलं. आम्हाला जरा धीर आला. पण ते औषध असं की आज घेतलं आणि उद्या गुण आला असं होत नाही. दीड महिना वाट बघायची. बघितली. काही नाही. मग दुसरं औषध. त्याने तोंड सुकायचं, हात कापायचे, एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. पुन्हा दीड महिना. पुन्हा काही नाही.

दुसरं औषध फुकट गेलं त्या दिवशी ते लेकीला म्हणाले, "तिसऱ्याचं मला सांगू नकोस. औषधं सगळ्यांना लागू पडतात, मला पडत नाहीत. म्हणजे गडबड माझ्यातच आहे." आणि जरा वेळाने, अगदी शांतपणे, "मी नसलो तरी तुम्ही दोघी नीट राहाल."

लेक माझी शहाणी. तिने तेव्हाच डॉक्टरीणबाईंना फोन करून ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, लपवलं नाही की गोड केलं नाही. त्या म्हणाल्या, एकटं सोडू नका आणि उद्या सकाळी त्यांना घेऊन या. मीही गेले. त्या जावयांशी बराच वेळ एकट्याने बोलल्या. मग आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चाललाय. औषध सुरू करायच्या आधी तुमच्या डोक्यातल्या लहरी यंत्राने मोजायच्या. आठवड्याने परत मोजायच्या. त्यावरून औषध लागू पडेल की नाही, त्याचा अंदाज लवकर येतो. दीड महिना अंधारात बसायला नको."

त्या एवढं सगळं बोलल्या. आम्हाला मात्र ऐकू आला एकच शब्द.

बसमधून येताना जावई खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "मी ती तपासणी करणार नाही." लेकीने कारण विचारलं, तर उठून पुढे दुकानात गेले. तिला वाटलं, डोक्याला यंत्र लावायचं म्हणून ते विजेच्या धक्क्याला घाबरले. तिने समजावलं, दटावलं, हातापाया पडली. ते आपले "नको" एवढंच. मी मधे पडले नाही, कारण विजेचं म्हटल्यावर माझीही बाजू लंगडी होती. मी मिक्सर लावते तो हात लांब करून.

दोन-चार दिवस गेले. एका दुपारी थोरले कापड आणायला गेले होते. दुकानात आम्ही दोघंच. मी कापूस पिंजत होते, ते त्या उघड्या सोफ्यापुढे बसले होते.

"आई, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या यंत्रात निघालं की माझ्या सगळ्या लहरीच आहेत, तर?"

माझे हात कापसातच थांबले.

"आजार निघाला तर बरं," ते म्हणाले, "आजाराला निदान औषध असतं. लहरींना काय असतं? म्हणजे दादा म्हणतो तेच खरं ठरणार, आणि तेही दवाखान्याच्या शिक्क्यानिशी. मग हिला काय तोंड दाखवू मी? इतके दिवस तिने माझं केलं, उपाशी राहिली, जागली, ते काय एका लहरी माणसासाठी?"

आता खरं सांगायचं तर मलाही ते तसंच कळलं होतं. माझं शिक्षण पाटीवर सुरू झालं आणि पाटीवरच संपलं. मला वाटलं, निघालं असेल बाई असंही यंत्र, माणूस किती लहरी आहे ते मोजणारं. आमचे हे असताना का नाही निघालं, असंही मनात येऊन गेलं. पण जावयांचा चेहरा बघून ते मी ओठांवर येऊ दिलं नाही.

"मला तरी कुठे कळलंय?" मी म्हटलं. "चला, विचारून येऊ."

"कुणाला?"

"जिने सांगितलं तिला."

"आणि ती हो म्हणाली तर?"

"तर मी तिथेच तिच्याशी भांडेन. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा."

लेक एका लाँड्रीच्या काउंटरवर बसते. वाटेत तिला उठवलं आणि तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंपुढे मी सरळ विचारलं, "आमच्या जावयांना तुम्ही लहरी ठरवणार आहात का?"

त्यांना आधी काही उमगेना. माझ्याकडे बघतात, लेकीकडे बघतात. मग एकदम लख्ख उजेड पडला त्यांच्या तोंडावर आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो आजी, त्या लहरी नव्हेत! लाटा, लाटा म्हणा. पाण्यावर उठतात ना, तशा. आपल्या डोक्यात अगदी हलकी वीज सारखी खेळत असते, तिच्या लाटा. सगळ्यांच्या डोक्यात असतात. माझ्या, तुमच्या. नसतील तर माणूस जिवंत नाही."

"थोरल्या भावाच्याही असतात?" लेकीने विचारलं.

"त्यांच्याही."

"हे त्यांना फोनवर सांगाल का?"

"मग यंत्राने काय कळतं?" जावई उभेच होते, तिथून म्हणाले. "मी आजारी आहे की नाही ते?"

डॉक्टरीणबाईंचा भरभर बोलायचा वेग त्या वेळी पहिल्यांदा कमी झाला. "बसा आधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात. ते मला यंत्राशिवाय माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. त्यासाठी मी यंत्राची ती वायरींची टोपी कशाला चढवू तुमच्या डोक्यावर? यंत्र फक्त एवढंच बघतं की मी दिलेलं औषध तुमच्या डोक्यात काही हलवतंय की नाही. तेही खात्रीने नाही, अंदाजाने. हवामानाचा अंदाज सांगतात ना, तसं. छत्री घेऊन निघावं की नाही, इतपत."

"म्हणजे हे स्प्रिंग दाबून ऐकतात, तसं," लेक म्हणाली.

"तसंच. फक्त आम्ही दाबत नाही. आणि धक्काबिक्का काही नाही."

जावई बसले. बसले म्हणजे अंगातली हवा निघाल्यासारखे खुर्चीत उतरले. त्यांनी पाणी मागितलं आणि सगळा ग्लास संपवला. इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

तरी ती टोपी बघून ते पुन्हा बिचकले. जाळीची टोपी, तिला ठिकठिकाणी बटणं, प्रत्येक बटणातून एकेक वायर निघालेली, जणू एखादा कोळी डोक्यावर जाळं विणून संसार मांडून बसलाय. टोपी घालणारी मुलगी मला नात शोभेल अशा वयाची. मी म्हटलं, "आधी माझ्या डोक्याला लावा. मला काही झालं तर जावयांना पळून जायला वेळ मिळेल."

"तसं करत नाही आम्ही, आजी," ती म्हणाली. मग जावयांकडे बघून म्हणाली, "पण आत्ता मधे थोडा वेळ रिकामा आहे. या, बसा."

तिने माझ्या केसांत पिचकारीने थंडगार चिकट मलम भरलं. यंत्राच्या पडद्यावर रेघा उमटायला लागल्या, एकाखाली एक, थरथरत्या. त्या माझ्या होत्या म्हणे. उभ्या आयुष्यात माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघायची कुणाला एवढी हौस झाली नव्हती.

"डोळे मिटा, आजी. आता बघा काका, डोळे मिटले की रेघा कशा एकसारख्या झाल्या. आजी, बोलू नका. जबडा हलला की रेघा नाचतात."

"मी कुठे बोलतेय?" मी म्हटलं, आणि त्या रेघा अशा उसळल्या म्हणे की पडदा काळा झाला.

मागून जावयांचा आवाज आला. "मग आईंचं मोजायला बराच वेळ लागणार."

मी डोळे उघडले. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. जावयांनी थट्टा केली होती, आणि तीही सासूची.

मग ते बसले. आम्ही दोघी काचेबाहेर. आतून त्या मुलीचा आवाज येत होता, "काका, दात आवळू नका. ओठ सैल सोडा." जरा थांबून, "काका, अजून आवळलेलेच आहेत." जावई म्हणत होते, "मी काही करत नाहीये हो." आणि ते खरंच काही करत नव्हते. पण मी काचेतून बघितलं आणि मला दिसलं. ओठ आत ओढलेले, गाल जरासे आत, जबडा धरलेला. तोंडात चुका आहेत! नसलेल्या चुका. स्थिर बसा, लक्ष द्या, असं त्यांना कुणी म्हटलं की तोंड आपोआप तसं मिटणार, कारण इतकी वर्षं लक्ष द्यायचं म्हणजे खिळा गिळायचा नाही, हेच ते शिकलेले.

ती मुलगी बाहेर आली. म्हणाली, "स्नायू इतके ताणलेत की लाटा दिसतच नाहीत, सगळे काटेच येतायत. आज नाही जमलं तर पुन्हा वेळ घ्यावी लागेल."

पुन्हा म्हणजे ते येणार नाहीत, हे आम्हा दोघींना कळत होतं. लेकीने दार ढकललं आणि संध्याकाळी दुकानात ओरडते तशी ओरडली, "अहो, चुका थुंका!"

मुलगी गोंधळली. "कसल्या चुका? कुणी काही म्हटलं का त्यांना?"

तोवर जावयांनी, डोक्यावर ती वायरींची टोपी तशीच, तळहात पुढे केला होता. तोंड पुढे काढून त्यावर "थू" केलं. हातात काहीच नव्हतं, पण जबडा खाली आला, गाल सुटले, ओठ उघडे राहिले, लहान मूल झोपल्यावर राहतात तसे. मुलगी पडद्याकडे धावली. "असंच! काका, असंच राहा!"

लाटा नीट मोजून झाल्या. ते बाहेर आले ते वासराला गाईने चाटावं तसे केस घेऊन. ती मुलगी लेकीला म्हणाली, "दात आवळणारे पुष्कळ येतात आमच्याकडे. मी आता सगळ्यांना हेच सांगणार."

तिसरं औषध सुरू झालं. आठवड्याने परत टोपी. डॉक्टरीणबाईंनी आधीच्या रेघा आणि नव्या रेघा शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि सरळ सांगितलं, "हे औषध लाटा हलवत नाहीये. हव्या तशा तर नाहीच. याने बरं वाटेल असं मला दिसत नाही."

लेकीने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मी जावयांकडे बघायची हिंमत करत नव्हते. तिसरंही गेलं. आता हे उठतील आणि पुन्हा कधी या दारात येणार नाहीत.

"म्हणजे दीड महिना वाट बघायची नाही?" जावयांनी विचारलं.

"नाही. आज बदलू."

"आणि हे तुम्हाला मला काही न विचारता कळलं?"

"हो."

"म्हणजे मी मनापासून घेतोय की नाही, माझी इच्छा आहे की नाही, याचा यात काही संबंध नाही?"

"काही नाही हो. औषध तुम्हाला बसत नाही, एवढंच. पाय तुमचा आहे तोच राहील, चप्पल दुसरी बघू."

ते मागे टेकले. मी धीर करून बघितलं तर चेहऱ्यावर वाईट बातमी ऐकलेल्या माणसाची कळाच नव्हती. बसमध्ये बसल्या बसल्या ते खिडकीला डोकं लावून झोपले, तोंड उघडं टाकून, भर दुपारी. उतरायची वेळ आल्यावर लेकीने उठवलं तेव्हा मला म्हणाले, "आई, या वेळी औषध नापास झालं."

मला सगळं मोजणंबिजणं कितीसं कळलं, ते राहू द्या. पण त्या दिवशी माझ्या मनावरचा धोंडा तिथेच अर्धा उतरला. त्या माणसाला कुणीतरी यंत्राच्या साक्षीने सांगितलं होतं की खोट तुझ्यात नाही.

चौथं औषध. पुन्हा आठवडा, पुन्हा टोपी, पुन्हा "थू". डॉक्टरीणबाईंनी रेघा पाहिल्या आणि म्हणाल्या, "हं."

"हं म्हणजे?" लेकीला दम नव्हता.

"लाटा हलल्यात. हव्या त्या बाजूला."

"म्हणजे बरे होणार?"

"मी तसं म्हटलेलं नाही. अशा लाटा दिसल्या की पुष्कळांना बरं वाटतं. सगळ्यांना नाही. आणि त्यांना स्वतःला अजून काही जाणवणार नाही, तेव्हा रोज उठून विचारू नका."

खरंच, जावयांना काहीच वाटत नव्हतं. "आहे तसंच आहे," म्हणायचे. मोठी गंमत वाटायची मला. डोक्याला कळलं होतं आणि माणसाला अजून निरोप पोचायचा होता.

विचारू नका म्हटलं होतं, बघू नका असं काही म्हटलं नव्हतं. आम्ही दोघी त्यांच्याकडे गॅसवर दूध ठेवल्यासारख्या बघत बसायचो. त्यांनी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं की लेक मला कोपराने ढोसायची. शेवटी एकदा ते म्हणाले, "मी काय उतू जाणार आहे का?" तेव्हाही तिने मला कोपराने ढोसलं.

निरोप आला तो तुकड्यातुकड्याने. एका दुपारी डुलकी लागली होती, टकटक ऐकून जाग आली. पलंगावरून हलले नाही. हललं तर थांबेल असं वाटलं. दाताच्या डॉक्टरांचा सोफा भरून झाला आणि गेला. मधे वाईट दिवसही आले. एखाद्या सकाळी उठायचेच नाहीत आणि आमची तोंडं उतरायची. मग दुसऱ्या दिवशी उठायचे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, असंच होतं, गोळी चुकवू नका.

थोरल्यांना लेकीने लाटांचं सगळं समजावलं होतं. "तुमच्याही डोक्यात लहरी आहेत, दवाखान्यातून कळलंय," असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. ते बराच वेळ कापडाच्या गठ्ठ्यावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "मी आपलं मायेने म्हणायचो गं." त्या दिवसापासून तो शब्दच त्यांनी टाकला. इतका टाकला की गिऱ्हाइकाला लाटांच्या नक्षीचं कापड दाखवायचं असलं तरी "हे आपलं, वाकडंतिकडं" म्हणतात.

परवा मात्र आमचा जीव गेला होता.

संध्याकाळी जावई पडदा सारून आत आले. अंगावरचा कामाचा एप्रन काढून कोपऱ्यात भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मी उद्यापासून दुकानात जाणार नाही."

लेकीच्या हातातला डाव तसाच राहिला. आजाराच्या दिवसांत ते असंच बोलले होते, असेच बसले होते. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं, अंतर ठेवून, हळू आवाजात विचारलं, "अहो, काय होतंय?"

"काही होत नाही."

"गोळी घेतली होती ना?"

"घेतली."

"जड वाटतंय का? डॉक्टरीणबाईंना फोन लावू?"

"त्या काय करणार यात? त्यांना कात्रीतलं काय कळतं?"

"कात्री?"

ते गर्रकन वळले. तोंड लालबुंद. "दादाने माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला! पुठ्ठा! त्या कात्रीला मी कागद दाखवलेला नाही आजवर! धार काढून आणली होती, मखमल कापायची होती उद्या, आणि हा गृहस्थ खोकी कापत बसलाय! परत वर म्हणतो काय, तर जवळ होती म्हणून घेतली!"

लेक मटकन खाली बसली. तिला आधी हुंदका आला आणि त्यातूनच हसू फुटलं, ते थांबेचना. तिचं बघून मला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. किती दिवसांनी या घरात कुणी इतकं साधं, धडधाकट रागावलं होतं.

"हसताय काय दोघी?" जावई ओरडले. "मखमल कशाने कापू? दातांनी?"

पडद्यापलीकडून थोरल्यांचा आवाज आला, "अरे, एकच पुठ्ठा होता!"

"एक असो नाहीतर शंभर असोत!" असं म्हणत ते उठले, कोपऱ्यातला एप्रन उचलून अंगात चढवला आणि पडदा फाडतील असे दुकानात गेले. मग तिकडे जी जुंपली! कात्रीवरून सुरू झाली आणि लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली तिथवर गेली. थोरलेही मागे हटले नाहीत. इतके दिवस भावाशी दबकत दबकत बोलून तेही कंटाळले असणार.

शेजारीण दारात आली. "काय हो आजी, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, "जावई भांडतायत."

"अगंबाई! मग मधे कुणी पडायचं नाही का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं, आणि तिला बसायला खुर्ची दिली.